मीनाची मिसळ आणि राखीव क्वार्टरबॅक

रविवार, संध्याकाळ

आमच्या आवडत्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मुख्य क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूचा, गुडघा गेला. पुढच्या रविवारी राखीव खेळाडूच उतरणार, असं कोचनेच सांगितलं. जोशीकाकांकडे मॅच बघणारे लगेच त्याला तोलायला लागले.

"यार, तो जायबंदी झालेला डावखुरा कसला फेकायचा! याला त्याच्या नखाची सर नाही."

टीव्हीवर बाकावर बसलेल्या त्या राखीव खेळाडूच्या शर्टावर एकही डाग नव्हता. "अजून खेळलाय कुठे तो?" मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

मग मी करून नेलेली मिसळ खाताना जोशीकाकू म्हणाल्या, "मीनाच्या हाताची चव वेगळीच होती गं." मीना म्हणजे माझ्या नवऱ्याची, सुहासची, पहिली बायको, आता हयात नाही. सुहासने आणखी एक पाव घेतला. मला वाईट वाटायला हवं होतं का? नुसता तो स्वच्छ शर्ट आठवत राहिला.

पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे येणार आहेत. तो राखीव खेळाडू खेळेल. मिसळ मीच करणार.