घराण्याची कोरडी कातडी

बिन महमूद, दोहा
४ सप्टेंबर २०२२

ती. मृणालिनीवन्संना,
नीलांबरीचा सा. न. वि. वि.

यांच्या दुखण्याची ती पहिली सकाळही आजच्यासारखी रविवारचीच होती, म्हणजे इथला कामाचा पहिला दिवस. मी कणीक मळली, रुचाचा डबा भरला आणि तुमच्या भावाचा साइटचा शर्ट इस्त्रीला घेतला. उलटा केला तर आत पाठीवर रक्ताचे बारीक ठिपके. रात्रभर खाजवलं होतं. मी म्हटलं, हे इथलं पाणी. दोह्यात केस गळोत की कातडी उलो, सगळे समुद्राच्या गोड केलेल्या पाण्यालाच दोष देतात. तुम्ही पाठवलेलं कोकम तेल मी पाच महिने चोळलं. हे म्हणायचे, स्टेडियमचा रस्ता होईपर्यंत मला मुरवत ठेवणार आहेस. डोळे पिवळे झाले तेव्हा दवाखान्यात गेलो. स्वादुपिंडाचं दुखणं उशिरा कळलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. खाज त्याचीच होती, हे मला नंतर पुस्तकांतून कळलं. हे जाऊन चार वर्षं झाली, आज तुम्हाला सांगते आहे.

लिहायचं कारण, रुचाचे केस फार गळतात. वर्ल्ड कपमुळे ऑफिसात तिला जेवायलाही धड वेळ नाही. वरच्या मजल्यावरची तय्यबा म्हणते, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणून केस धुवा. मी आधी रुचाचं रक्त तपासून घेतलं. लोह कमी निघालं, गोळ्या सुरू आहेत. तुमच्या हातचे हळिवाचे लाडू मिळाले तर बरं होईल. शेजारचे संजीव नाशिकला येताहेत, त्यांच्याबरोबर पत्र देते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही.

माया आहे तशी असू द्या.
नीलांबरी


नाशिक
१५ सप्टेंबर २०२२

चि. नीलांबरीस अनेक आ.

संजीवबरोबरच लाडू आणि जास्वंदीचं तेल पाठवते आहे. तेल कोमट करून लाव. रुचाला सांग, ओले केस विंचरू नकोस. तिला मराठी कळतं, फक्त उत्तर इंग्रजीत येतं.

प्रतापच्या खाजेचं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या घराण्याची कातडीच कोरडी. माझंच बघ, दोह्याचं पाणी न लागताही दोन महिने तळहात-तळपाय खाजताहेत. कोकम तेल लावून मोजे घालून बसते. अमेय म्हणतो, आई, बारीक झालीस. मी म्हटलं, सत्तरीत मला कंबर दिसायला लागली, तर तुला का जळतं? तुझ्या पुस्तकांत कोरड्या कातडीवर काही असलं तर कळव. डॉक्टरचं नाव मात्र काढू नकोस.

आम्हाला विसरू नका म्हणजे झालं.
मृणालिनी


नाशिक
१ ऑक्टोबर २०२२

चि. रुचास,
आईचे अनेक आ.

आत्यांचं पत्र वाचून मी लगेच अमेयला फोन केला आणि यल्ला यल्ला करत घाईघाईनं बॅग भरली. कशासाठी, ते तुला विमानतळावर नीट सांगितलं नाही. फोनवर पुरतं सांगून होणार नाही म्हणून लिहिते. हळूहळू वाच.

आत्यांना बाबांचं होतं तेच आहे, त्याच जागी. यकृतापर्यंत गेलं आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही. पित्ताला वाट करून देणारी नळी घालू, खाज थोडी कमी होईल. अमेयनं विचारलं, दोन महिने आधी आणलं असतं तर? ते कागदांवर लिहीत राहिले.

आत्यांना मीच सांगितलं, कागदावर मोठ्या अक्षरांत. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाल्या, तुझ्या पत्रात सगळं होतं की गं, आणि मी तुझीच समजूत घालत बसले. मग जास्वंदीच्या तेलाची कृती लिहून घे म्हणाल्या, पुढच्या वेळी मी नसेन. मी लिहून घेतली.

मॅच सुरू होतील तेव्हा मी इथेच असेन. गोळ्या चुकवू नकोस. कधी खाज सुटली तर पाण्यावर ढकलू नकोस.

हे सगळं गुरुवारी झालं. शुक्रवारी मी आत्यांचे हात कोमट पाण्यात भिजवले आणि दहाही बोटांची नखं कापली.

तुझी,
आई