कुंडीतली मटकी

रविवार, संध्याकाळ

यांच्या बोटाला आजही माती. मनमाडचे हे माजी स्टेशनमास्तर निवृत्त झाल्यापासून इथे नाशिकच्या घरी बाल्कनीत मेथी पेरून बसलेत आणि उगवली का ते रोज बोटाने उकरून बघतात. मी टोमणा मारला, "अहो, ती काय गाडी आहे, आउटर सिग्नलला थांबलेली?" हसले नाहीत. हल्ली हसतच नाहीत. तेच टोचलं.

दुपारी ते झोपल्यावर उसळीसाठी मोड आणलेली मटकी गुपचूप कुंडीत खोचली, मोड वर दिसतील अशी. निदान काहीतरी उगवलेलं दिसेल. लोकांच्या लबाड्यांवर लेख लिहिणारी मी!

आत्ता हाक आली. "अगं, मी मेथी पेरली होती. मटकी कशी आली?"

"नाशिकची माती," मी म्हटलं.

"आणि मोड म्हणजे मूळ असतं, बाईसाहेब. अख्खं पीक उलटं लावलंयस, पाय वर करून!"

आणि हसले. किती दिवसांनी! मग त्याच मातीच्या बोटाने एकेक दाणा सुलटा करत बसले. "उरलेली मटकीपण आण."

उसळ गेली. पिठलं टाकते आता. हात धुवा म्हणणार होते, पण राहू दे.