तड्याचं टोक

३ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला. रोज सकाळी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं. म्हटलं, आत्ताच वाकड्या दिसतायत. म्हणाल्या, "म्हणूनच दिलाय."

डोळ्याचा मागचा पडदा झिजलाय म्हणे. कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, आणि गेलेलं परत यायचं नाही. म्हणजे जिथे बघायचं नेमका तिथेच डाग! वेल्डिंगवाल्याला आणखी काय हवं! काम किती दिवस जमेल विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, काम काय करता? सांगितलं. मग बराच वेळ त्या काही लिहीत बसल्या.

घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, माझ्या शर्टांमागे.

५ मार्च

फवारणी पंपाची चौकट परत आली. गेल्याच आठवड्यात जोडून दिली होती. बोट फिरवून पाहिलं — वेल्डिंगचा टाका तड्यावर नाहीच, तड्याच्या शेजारी! गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला, पुन्हा कुठेतरी आपटली असेल. मी "असेल" म्हटलं. कान गरम झाले.

६ मार्च

आणखी एक परत. गवत कापायच्या यंत्राची मूठ.

एकतीस वर्षांत एवढं कधी परत आलं नव्हतं. या दुकानाला पाटी नाही. पाटीची गरजच पडली नाही, लोक वास काढत येतात. आता त्याच वाटेने नाव जायचं.

११ मार्च

ही वही जाड पेनाने लिहितोय. ओळी सुटतात. सुटू देत, वाचायला कोण बसलंय!

ठरवलं — घाई करायची नाही. डोळ्यांना नाही दिसलं तरी हाताला रस्ता पाठ आहे. आधी घासायचं. मग तडा कुठे संपतो ते बोटाने शोधायचं आणि दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं. भोक नसेल तर तडा टाक्याखालून पुढे पळतो. मग टाका मारायचा, तोही जेवणाआधी. मी जेवून, आडवा होऊन चारला दुकानात येईपर्यंत लोखंड निवतं. मग घासून सपाट करायचं, रंग लावायचा, संध्याकाळी द्यायचं.

हे सगळं मी धाकट्या भावालाही शिकवलं होतं. वीस वर्षं हाताखाली ठेवला. आणि त्याने काय केलं? माती उकरायच्या यंत्राची दांडी भोक न पाडताच जोडली. आठ दिवसांत तुटून आली. गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं, हे माझं काम नव्हे, याचं आहे, डावखुऱ्याच्या हाताला वळण ते काय असणार! त्याने हातातला रॉडचा होल्डर टेबलावर ठेवला आणि गेला. भांडलासुद्धा नाही. आता कारखान्यात दुरुस्ती विभागात आहे. तीन वर्षांत दुकानाची पायरी चढला नाही.

१४ मार्च

माती उकरायचा एक टिलर आलाय, त्याचा टाका आज बरा वाटतोय. बोट फिरवलं नाही. हिंमत झाली नाही.

२ एप्रिल

तीन आठवड्यांत एकही काम परत नाही! फवारणीवाला स्वतःहून सांगायला आला, आता दगडावर आपटली तरी सुटत नाही. बायकोला मुद्दाम दोनदा ऐकवलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, बरं झालं.

हात तो हात! डॉक्टरीणबाईंना पडदा कळतो, हात काय कळणार.

एकच वैताग — ग्राइंडरच्या चकत्या हल्ली फार लवकर संपतात. वेल्डिंगचे रॉडही. हार्डवेअरवाल्याला झापलं, माल हलका देतोस. तो बिचारा शपथा घ्यायला लागला.

९ एप्रिल

कागदावरचा मधला ठिपका आज सापडलाच नाही.

१६ एप्रिल

शाळेचे माळीबुवा मैदानाचं मोठं यंत्र ढकलत घेऊन आले. पातं ज्याच्या आत फिरतं त्या पत्र्याच्या घुमटाला चाकाजवळ वीतभर तडा. मुलांच्या शर्यती सोमवारी, आणि गवत घोट्यापर्यंत. पात्यालाही चीर होती. म्हणाले, जाता जाता एवढीही जोडून टाका. म्हटलं, बुवा, पातं जोडत नसतात. तुकडा उडाला तर कुणाच्या पोटात शिरेल सांगता येणार नाही. नवं आणा. कुरकुरले, पण गेले आणायला.

घुमट नीट घासला. टोकं शोधून भोकं पाडली. टाका मारताना मधे सगळा पांढरा डाग. कडेने ठिणग्या दिसत होत्या, त्यांच्या अंदाजाने रॉड पुढे नेला. जेवायला घरी.

चारला आलो. सपाट करायला गेलो तर चकती पुन्हा संपलेली! सकाळी नवी लावली होती. चिडून घुमटावर हात टेकला — लोखंड कोमट. दोन-अडीच तासांनी?

ऊन येत असेल दारातून. पण दार तर बंद होतं.

१७ एप्रिल

चकती आणायच्या आधी बोट फिरवलं. एवढे दिवस फिरवायला भीत होतो.

टाका सरळ. माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, एकसारखा. इतका सुंदर मी उमेदीच्या वयातही मारला नव्हता. शेवटाला गेलो. रॉड उचलतो तिथे एक छोटा खळगा राहतो. मी डावीकडून सुरू करतो, उजवीकडे संपवतो. एकतीस वर्षं. खळगा डावीकडे होता.

दुसऱ्यांदा बोट फिरवलं. तिसऱ्यांदा. मग स्टुलावर बसून राहिलो.

डावखुरा मला या गावात एकच माहीत आहे, त्याला मीच शिकवलंय.

आज सपाट केलं नाही. तसाच रंग लावला. माळीबुवा म्हणाले, वा, काय हात आहे! मी म्हटलं, आहे खरा.

१८ एप्रिल

जेवताना बायकोला विचारलं, दुकानाची किल्ली दुपारी कुणाकडे असते? तिने आधी ताटं उचलली, ओटा पुसला, मग समोर येऊन बसली.

शर्टांमागचा कागद तिला पहिल्याच आठवड्यात सापडला होता. ती कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. आणि तिथून थेट धाकट्याच्या घरी! मला न विचारता. त्याची पाळी दोनला सुटते. मी घोरायला लागलो की ही किल्ली घेऊन जाते, तो माझा टाका घासून काढतो आणि नवा मारतो. साडेतीनला दोघं झाडून-पुसून बाहेर. माझ्या चकत्या त्यातच जात होत्या. उगाच त्या हार्डवेअरवाल्याला बोललो.

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद केलं असतं. किंवा केलं नसतं, आणि कुणाला तरी लागलं असतं. मी दोन्हींना घाबरले."

मग हळूच, "भाऊजी पहिल्या दिवशी काय म्हणाले माहीत आहे? वहिनी, दादाला कळू देऊ नका, त्याला फार लागेल."

मला रागच आला. खूप राग आला. आणि अर्धाअधिक बरं वाटलं, तेही इथे लिहून ठेवतो.

१९ एप्रिल

रविवार. दुकान बंद. दिवसभर घरात येरझाऱ्या. बायको म्हणाली, फरशी झिजेल.

२० एप्रिल

आज आडवा झालो, घोरलोसुद्धा. खोटं घोरणं फार अवघड! ती गेल्यावर मागोमाग गेलो. दुकानाचं दार पुढे ओढलेलं होतं. फटीतून पाहिलं. थेट बघितलं की काही दिसत नाही, म्हणून मान वळवून कडेच्या नजरेने.

धाकटा जाड झालाय. कारखान्याचा निळा शर्ट. सकाळी मी जोडलेली करवतीच्या यंत्राची आधारपट्टी त्याने शिकंज्यात धरली होती. माझा टाका घासून काढत होता, पण कसा — जखमेवरची पट्टी सोडवावी तसा, हळूहळू. मग मी पाडलेली भोकं बोटाने चाचपली. एक टोकाच्या अलीकडेच पडलं असणार. त्याने नवं पाडलं. बायको स्टुलावर बसून त्याच्या मुलीच्या शाळेचं काहीतरी ऐकत होती. तो बोलत होता आणि हात चालू होता. माझ्यासमोर काम करताना तो कधी एवढं बोलला नाही.

आत जावं असं फार वाटलं. गेलो नाही. घरी येऊन पडलो, खरंच झोपलो होतो असं बायकोला वाटू दिलं.

जायचं तर एक गोष्ट बोलावी लागेल. ती मी या वहीतही कधी लिहिली नाही. उलटीच लिहिली.

२१ एप्रिल

आज आत गेलो. त्याच्या एका हातात तोंडापुढे धरलेली काळी काच, दुसऱ्यात होल्डर. बायको उठून उभी राहिली. मी एका दमात सांगून टाकलं — तीन वर्षांपूर्वी तुटून आलेली ती दांडी मी जोडली होती. तू त्या दिवशी तिला हातही लावला नव्हतास. घाईत भोक मीच पाडलं नाही.

त्याने काच खाली केली. "माहीत आहे," म्हणाला. "तेव्हाच माहीत होतं. दादा, जरा सरक. उजेड अडतोय."