सऱ्या वाकड्या दिसल्या तेव्हा

लासुर्णे

अहो,

तुम्ही गेल्यापासून मी डोळ्याच्या इंजेक्शनला बारामतीला गेलेच नव्हते. दर महिन्याला तुमच्यासोबत जायची सवय. एकटीला नको वाटायचं.

परवा कुंडलिकभावजी उसासाठी सरी पाडत होते. मी बांधावरून म्हणाले, "भावजी, सऱ्या वाकड्या पडल्यात."

ते ट्रॅक्टरवरूनच ओरडले, "वहिनी, सऱ्या सरळ हायत. तुमचा डोळाच वाकडं बघतोय! उद्या बारामतीला चला."

गेलो. डोळ्याच्या पडद्यामागं नको त्या रक्तवाहिन्या वाढून पुन्हा पाझरत होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर नजर परत आली नसती. आता इंजेक्शन चुकवायचं नाही.

भावजींनी नर्सला विचारलं, "सुई नेमकी कुठं देता?"

"डोळ्यातच," ती म्हणाली. भावजी बाकावर आडवे झाले. शेवटी डोळ्याला पट्टी बांधलेली मीच त्यांना दंडाला धरून एसटी स्टँडपर्यंत आणलं.

"गावात सांगू नका, वहिनी."

तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

पुढच्या महिन्याची तारीख मी मागून घेतली आहे. भावजी पुन्हा येतो म्हणतात. मी म्हटलं, "या, पण पोटभर जेवून या."

तुमची,
जयवंता