चिडायला मनाई

अहो,

काल ऐन दिवाळीत सूर्यग्रहण होतं. गल्लीत जो तो काळी फिल्म शोधत होता, म्हणून ट्रंकेतून तुमच्या छातीचा जुना एक्स-रे फोटो बाहेर काढला. त्यावरून जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

आठवतं का? साक्रीहून येताना जीप झाडावर गेली, स्टिअरिंग छातीत बसलं. अंगावर ओरखडा नाही! मी म्हटलं, मुका मार आहे, हळद-दूध देऊ. धुळ्याच्या डॉक्टरांनी मात्र दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला. आकडे जुळेनात. मग हा फोटो काढला. हृदयाजवळची सावली रुंद दिसत होती.

मला बाहेर नेऊन म्हणाले, "हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली असावी. बाहेरचा पातळ पदर तेवढा धरून आहे. मुंबईला न्या. तोवर रक्तदाब चढता कामा नये. ओरडायचं नाही, चिडायचं नाही."

तुम्ही, आणि चिडायचं नाही! तुमची शेतातली हाक गावात ऐकू यायची.

तेवढ्यात धाकटे भाऊजी दारात. बांधाच्या भांडणापासून तुमचं बोलणं बंद. मला धडकी भरली. तुम्ही हळूच म्हणालात, "बठ रे भाऊ. च्या पेस का?" ते खाटेशी बसले आणि रडायला लागले. मी मात्र घाबरले. इतकं गोड कधी बोलला होतात? वाटलं, निरोपच घेताय.

मुंबईत नसांत रंग सोडून फोटो काढले, तेव्हा फाट नक्की झाली. तेवढा तुकडा काढून कापडी नळी शिवली. पाय लुळे पडू शकतील, हे आधीच सांगितलं होतं. मी पांघरूण सारून तुमच्या अंगठ्याकडे बघत बसले. हलला!

पुढं पेज तोंडात घेतलीत आणि गरजलात, "येम्हा मीठ कोठे शे?" नर्स धावत आली. मी व्हरांड्यात जाऊन आनंदानं रडले.

पण बरे झालात आणि बांधही पुन्हा आठवला. भाऊजींना परत कधी 'बठ' म्हणाला नाहीत. का हो? यंदा साध्या तापानं गेलात, तेही न बोलताच.

तुमच्यामागची पहिली दिवाळी, म्हणून काल ते आले. ग्रहण बघायला मी फिल्म हातात दिली. डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "वहिनी, हाऊ फोटू कोना शे?"

मी सांगितलं. त्यांनी फिल्म खाली घेतली आणि मांडीवर ठेवून बसले. ग्रहण सुटलं तरी वर पाहिलं नाही.

बांधाचं मी आता काढणार नाही, शब्द देते. भाऊजी आले की तुमच्या वतीनं मीच म्हणेन, "बठा. च्या पेतस का?" कालही म्हटलं. दोन कप प्यायले.

तुमची,
सुमन