हेडलाइट लावल्याशिवाय न लागणारा टेप

तीर्थस्वरूप मावशीला,

लांबूनच, पण नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ताईकडे जिने फार आहेत, जपून. इथे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे आई बाबांशी बोलत नाही, काका कामापुरतं बोलतात आणि मी बोटाला पट्टी बांधून हे लिहितोय. तू भर रस्त्यात गाडीतून उतरलीस ती थेट बस धरून लेकीकडे गेलीस, त्यात माझा वाटा किती आणि काकांचा किती हे एकदा नीट मांडावं म्हणून हे पत्र. राग धरायचाच असेल तर ज्याचा त्याला वाटून मिळावा, एवढंच माझं म्हणणं.

गाडीबरोबर आलेला कंपनीचा टेप खरखरायला लागला होता, हे तुलाही मान्य आहे. हललेला दात काढावा तसा तो काढून नवा बसवू, आणि मीच बसवू, ही कल्पना माझी. (व्हिडिओतला माणूस चहा निवायच्या आत बसवून मोकळा होतो. तो चहा पहिल्यापासून गारच असणार, असं आता वाटतं.) डॅशबोर्डची पट्टी उचकटताना तुटली, तिच्याबरोबर माझं बोटही सोललं. जुन्याचा प्लग नव्यात बसेना. मधे लावायचा तयार प्लग बाजारात मिळतो म्हणे, पण हे मला सगळ्या वायरी कापून झाल्यावर समजलं. मग रंगाला रंग आणि जिथे रंग जुळेना तिथे देवाचं नाव, असं करत जोडत गेलो. टेप लागला. फक्त हेडलाइट लावले तरच लागतो. आणि दिवे बंद केले की सगळं विसरतो, स्टेशन, वेळ, कुठल्या स्पीकरला किती आवाज द्यायचा ते सुद्धा. पुन्हा लावला की चारही स्पीकरना आवाज सारखा वाटून टाकतो, नातवंडांना खाऊ वाटणाऱ्या आजोबांसारखा. मला वाटलं, चांगलंच आहे की.

मला काय ठाऊक, की तुमचा अख्खा संसार जुन्या टेपच्या एका बटणावर उभा होता. गाडी घेतल्या घेतल्या काकांनी ते बटण फिरवून सगळा आवाज मागच्या सीटकडे लावून दिला होता (हे त्यांनी मला तू गेल्यावर सांगितलं, खिडकीबाहेर बघत). तू मागे दुखरा पाय लांब करून दुपारची रेडिओवरची मालिका ऐकायचीस, पुढे काका काच खाली करून वारा खात गाडी चालवायचे. तू विचारायचीस, "थोरल्या सुनेचं बरोबरच आहे ना हो?" ते आरशात बघून म्हणायचे, "बरोबरच आहे तिचं." एवढ्या भांडवलावर तू आईला सांगितलंस की असा ऐकून घेणारा नवरा शोधून सापडायचा नाही. आईने ते बाबांना ऐकवलं, आणि बाबा बिचारे जेवताना पेपर मिटून "हं, मग?" म्हणायला शिकले. आता आईला त्या "हं, मग?"चाही संशय येतो.

आणि त्या दिवशी ती थोरली एकदम काकांच्या पायापाशीच्या स्पीकरमधून रडायला लागली. काकांनी दचकून गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "ही बाई कोण? आणि हिला झालंय काय?" मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. तू एवढंच म्हणालीस, "थांबवलीच आहे तर उतरते." दार सुद्धा हळूच लावलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं, असं काका म्हणतात.

तुझा, एक बोट सोडून बाकी धडधाकट,
भाचा

ता. क. काका रोज दुपारी गाडीत जाऊन बसतात. गाडी फाटकातून हलत नाही. मागच्या सीटवर बसतात, तुझी बाजू सोडून, भर उन्हात हेडलाइट लावून. येणारेजाणारे सांगतात, "काका, दिवे चालू राहिलेत." ते म्हणतात, "माहितीये." आणि वाईट वाटून घेऊ नकोस, पण ऐकायला लागल्यापासून त्यांचं मत फिरलंय. थोरली हट्टी आहे, धाकटीच शहाणी, म्हणतात. मी हो ला हो केलं तर माझ्यावरच डाफरले, "तुला काय कळतंय त्यातलं?" त्यांना वाद घालायला माहीतगार माणूस हवंय.

आणखी एक ता. क. त्या दिव्यांपायी काल बॅटरी बसली. त्यामुळे तुला आणायला कोणी येऊ शकत नाही, बसनेच ये. जावईबापूंकडे दुसऱ्या गाडीवरून बॅटरी चालू करायची जाड वायर आहे, ती घेऊन ये. (खरं तर पत्र ह्यासाठीच लिहायला घेतलं होतं.)

हा शेवटचा. बॅटरी बसली ती नेमकी थोरली बॅग भरून दारात उभी होती तेव्हा. पुढचं इथे कोणालाच माहीत नाही. मी म्हटलं, शेजारी विचारून येतो. काका म्हणाले, "शेजारी नको. तिला विचार." म्हणून विचारतो. थोरली परत आली का?