उजवीकडचा ट्वीटर

१४ जून
यांची खोली आज उघडली. दीड महिन्याने. सोल्डरचा वास अजून आहे.
टेबलावर रहिमतपूरच्या सुभेदारांची स्पीकरची जोडी, अर्धवट उघडलेली. दोन्ही ट्वीटरवर, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर, करवंट्या दोऱ्याने बांधलेल्या. ट्वीटरमागचा लोहचुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतो आणि टोक पडद्यात घुसतं, म्हणून यांची ही पद्धत. नारळ फोडला की करवंटी मागायला हजर. मी चिडायचे.
लेकीचा, नीताचा, साताऱ्याहून फोन. भंगारवाल्याला बोलाव, खोली रिकामी कर, चार महिने इकडे येऊन राहा. बघते म्हटलं.

१६ जून
सुभेदारांचा फोन. स्पीकर झाले का, विचारायला. हे गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, तसंच ऱ्हाऊ द्या. हाय तसं येऊन नेतो."
मी म्हटलं, दुरुस्त करून देते.
का म्हटलं कळत नाही. इतकी वर्षं टॉर्च धरला, एवढंच माझं शिक्षण.

१९ जून
यांची वही काढली. सुभेदारांच्या पानावर: 'उ. ट्वी. जळाला. पुतण्याची हळद. अँप लहान, पूर्ण पिळला. कॉइल तुटली. जोडीचा शोधणे.'
लोकांना वाटतं मोठ्या अँपने, म्हणजे अँप्लिफायरने, स्पीकर जातो. हे प्रत्येकाला सांगायचे, लहान अँप ओरडायला लागला की पहिला ट्वीटर मरतो. लोक मान हलवायचे आणि घरी जाऊन आवाजाचं बटन पूर्ण पिळायचे.
पानाच्या तळाशी पेन्सिलीने: 'आपला?'
हॉलमधली आमची जोडी सुभेदारांच्याच मेकची. यांनी पहिल्या बोनसमधून घेतलेली. त्या प्रश्नचिन्हावर किती दिवस बसले होते कोण जाणे. मला बोलले नाहीत.

२३ जून
मगदूमभाऊ आले. यांचे शाळेपासूनचे मित्र, हळदीचा व्यापार, पण निम्मा जन्म याच खोलीत गेला. मार्केट यार्डातून थेट आले, अंगाला हळदीचा वास. माझा पहिला टाका बघून म्हणाले, "आवं वैनी, सोल्डर हाय ते. फोडणी घातल्यागत काय वतताय?"
हे गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

३० जून
दोन्ही खोक्यांतले कपॅसिटर बदलले. हा ट्वीटरचा राखणदार, जाड आवाज त्याच्यापर्यंत जाऊ देत नाही. जुने वाळून गेले होते. मोठ्या स्पीकरच्या कडांना नवीन रिंगा चिकटवल्या, रात्रभर वजन ठेवलं. अंगठ्याला चटका.
ट्वीटर मिळत नाही. म.भाऊंनी पुण्याला, कोल्हापूरला फोन केले. मिळाला तर दुसऱ्या मेकचा, नाहीतर अख्खी जोडी. म्हणतात, दुसरा घातला तर एक बाजू एक बोलेल, दुसरी दुसरंच.

४ जुलै
म.भाऊंना वहीतलं पान दाखवलं. म्हटलं, आपल्यातलाच एक काढून देऊ, डावा काढा.
म्हणाले, डावा नको.
का, विचारलं. आधी चहा संपवला. मग सांगितलं, डावा खराब आहे, पाच-सहा वर्षं झाली. खंडेनवमीला मी यांच्या हत्यारांची पूजा करायचे, मीटर, सोल्डरिंग गन, सगळं मांडून. स्पीकरलाही ओलं कुंकू. नेमकं ट्वीटरच्या मधोमध, बोट दाबून. हे दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले की ब्रशने पुसून काढायचे. एका वर्षी डावा पडदा आत बसला, वर आलाच नाही. कुंकू कडेतून आत कॉइलपर्यंत गेलं होतं.
मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?
"मी बी तेच म्हटलं त्याला. म्हणाला, सांगितलं तर ती परत ह्या खोलीत पाय ठेवायची न्हाई."
ते खरं आहे. मी नसता ठेवला.

५ जुलै
भिंगातून पाहिलं. डाव्याच्या पडद्याला खळगी, कडेला लाल. उजवा स्वच्छ.
यांना शेवटी शेवटी बारीक आवाज ऐकू येत नव्हता. कॅसेट लावून हाक मारायचे, "ऐक गं, डावीकडनं बारीक येतंय का?" मी कणीक मळत आतूनच हो म्हणायचे. बाहेर येऊन ऐकलं एकदाही नाही.
ते मला सांगत नव्हते आणि मी त्यांना

९ जुलै
नीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, बाबांची जोडी मोडू नकोस, सुभेदारांना तसंच परत दे, ते समजून घेतील. घेतीलच. त्यांनी स्वतःहून म्हटलंय.
पण यांनी हातात घेतलेलं काम अर्धं परत दिल्याचं मला आठवत नाही. आणि उजवा काढला तर यांच्या जोडीत धड असं काही उरत नाही. जो बिघडला तो माझ्या बोटाने, आता दुसराही माझ्याच हाताने.

१२ जुलै
काही नाही. पाऊस. खोली झाडली.

१५ जुलै
सकाळी अंघोळ करून उजवा काढला. आधी करवंटी बांधली. चार स्क्रू. तिसरा गंजलेला, त्याला पाऊण तास. मागे यांच्या हाताचे टाके, मोत्यासारखे. वितळवायला हात होईना. म.भाऊ म्हणाले, मी करतो. नको म्हटलं.
संध्याकाळी सुभेदारांच्या खोक्यात बसवला. कॅसेट लावली. या वेळी समोर बसून ऐकलं, एकेका बाजूला कान लावून. दोन्हीकडून येतंय.

१९ जुलै
सुभेदार पुतण्याला घेऊन आले, जीपमधून. तोच हळदीचा नवरदेव. खुर्चीच्या टोकावर ताठ बसून एक पूर्ण बाजू ऐकली. मग पुतण्याला म्हणाले, "आता आवाजाच्या बटनाला हात लावलास तर बघ गड्या. चहाच्या वर न्हाई." चहा म्हणजे सकाळच्या चहाचे दहा; बटनाची खूण घड्याळातल्या दहाच्या पुढे न्यायची नाही. पुतण्या खाली बघत होता. त्याला मी दोन करवंट्याही दिल्या, कशाला ते सांगून.
जाताना त्यांचं लक्ष हॉलमधल्या जोडीकडे गेलं. उजवीकडच्या भोकाकडे बघत राहिले. त्यांना कळलं. पायरीवर थांबून म्हणाले, "वहिनी, मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई आता. तोफखान्यात होतो मी. हे मधुकररावांना ठाऊक हुतं. तुमी म्हणाल तवा तो परत आणून लावतो."
जीप गेली.

२२ जुलै
सुभेदारांचा फोन आला होता, आणू का म्हणून. कळवते म्हटलं. नीता विचारते साताऱ्याला कधी येतेस. तिलाही तेच.
दुपारी आमची जोडी लावली, हळू आवाजात. नुसता जाड आवाज, शेजारच्या घरातून आल्यासारखा. उजवीकडच्या भोकासमोर हात धरला. आतून वारा लागतो. गाणं चढलं की जास्त, उतरलं की कमी. गाणं संपलं की थांबतो.
कॅसेट उलटी करून परत लावली.